आतल्या हँडलचं कपाट आणि फुकटचा सर्व्हर

होसकोटे, बंगळूर
२५ ऑक्टोबर १९९९

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी उमाकांतचा साष्टांग नमस्कार, आणि वासंतीताईला तितकाच, तिचा वाटा वेगळा काढून ठेवावा.

इकडे मी आणि कल्पना दोघं ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? आम्ही पाठवलेलं नीलगिरीचं तेल लागू पडलं का? (बाटली मी स्वतः गळ्यापर्यंत भरून घेतली होती. तुमच्यापर्यंत कुठवर भरलेली पोचली ते बोटाने मोजून कळवावं, पोस्टातल्या एका माणसावर माझी नजर आहे.) ताईचा रक्तदाब वर असेल तर हे पत्र तिला वाचून दाखवू नये. खाली असेल तरी नकोच. आणि तुमचा तो व्यंकोजी अजून सरळ चालतो आहे ना? तिजोऱ्या उघडणाऱ्या माणसाला आधी स्वतः पकडायचं, आणि तो शिक्षा भोगून आला की त्यालाच मिरजेत किल्ल्यांचं दुकान काढून द्यायचं, असं करणारे फौजदार साऱ्या मुलखात तुम्ही एकटेच. मी तेव्हा विरोध केला होता आणि तो अजून मागे घेतलेला नाही. असो. आज मी तुम्हाला बहिणीचे यजमान म्हणून लिहीत नसून निवृत्त पोलीस अधिकारी म्हणून लिहितो आहे, तेव्हा चष्मा लावून, दार लावून वाचावं.

तुम्हाला ठाऊकच आहे की सरकारी कारखान्यातली ड्राफ्ट्समनची नोकरी सोडल्यापासून मी मानसिंगरावांच्या स्टीलच्या कपाटांच्या कारखान्यात नकाशे सांभाळतो. मानसिंगरावांचं घराणं कुठल्याशा फौजेबरोबर साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं ते इथलंच झालं. त्यांची मराठी अर्धी कन्नडच्या आश्रयाला आहे, पण माणूस दिलदार. (फार दिलदार माणसाचंही काहीतरी असतंच, पण ते मला अजून सापडलेलं नाही.) आमच्याकडे प्रत्येक कपाटाचा नकाशा संगणकावर काढला जातो आणि फ्लॉपीत ठेवला जातो. फ्लॉप्या माझ्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला, आणि जानवं माझ्या अंगावर. कोणाला नकाशा हवा असेल तर त्याने माझ्या टेबलापाशी यावं, कशाला हवा ते सांगावं, मी सदऱ्याचं वरचं बटण सोडावं, असा शिरस्ता. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात मी ‘उ. जो.’ अशी खूण टाकतो. ती खूण असेल तर कारखान्याने निमूटपणे काम सुरू करायचं, नसेल तर कोणाच्याही बापाने सांगितलं तरी पत्र्याला हात लावायचा नाही. आमचा फोरमन प्राणेश सुरुवातीला शंका विचारायला वर येई. मी त्याला एकदा असा काही झापला की त्यानंतर त्याने शंका विचारणं सोडून दिलं. हे लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

तर एवढं सुरळीत चाललेलं असताना मानसिंगरावांच्या भाचीने, रम्याने, इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि ती कारखान्यात येऊन बसली. तिने आल्या आल्या विचारलं की सगळ्यांच्या टेबलावर संगणक आहेत तर नकाशे फ्लॉपीत घालून जिन्यावरून वरखाली का नाचवता? तारेने जोडून घ्या. तारा जोडल्या. प्रथम सगळ्यांनी हिशेबनीस बाईंच्या संगणकावर फायली ठेवून पाहिल्या. बाई जेवायला जाताना विजेची बचत म्हणून तो बंद करत आणि सगळा कारखाना त्यांचं ताक पिऊन होईपर्यंत खोळंबून राही. मग ठरलं की एक स्वतंत्र संगणक घ्यायचा, जो कोणाच्याच मालकीचा नाही, जेवत नाही, झोपत नाही आणि ज्याला जो हवा त्याला तो नकाशा काढून देतो. त्याला सर्व्हर म्हणतात. (त्याचं काम ऐकल्यावर मी मानसिंगरावांना म्हणालो, असा एक इसम तुमच्याकडे आधीच आहे. ते हसले. हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.)

दाजी, तुमच्यापाशी लपवत नाही, मला त्या दिवशी घाम फुटला. कल्पना म्हणाली, बरं झालं, तुमचा त्रास वाचेल. पण ज्याच्याकडे कोणी काही मागायला येत नाही अशा माणसाला कारखान्यात कोण ठेवतं? जानव्याला नुसती पाठ खाजवायची किल्ली उरली असती.

आता उमेदवार दोन. पहिला आणला अभिमन्यू नावाच्या विक्रेत्याने. पोरगा टायला टाचणी लावतो, चेहऱ्यावर हसू कायम, आणि दर वाक्याला मला ‘सर’ म्हणतो. मला सर म्हणणाऱ्या माणसाकडे मी नेहमीच नीट बघून घेतो. त्याचा सर्व्हर परदेशी, काळा, दिवे लुकलुकणारा. आणि त्यात एक मेख अशी की डबा विकत घेतला म्हणजे झालं नाही, तो वापरणाऱ्या प्रत्येक डोक्यागणिक वेगळं लायसन. मी विचारलं, पहारेकऱ्याने एकदाच नकाशा पाहिला तर? तो म्हणाला, त्याचंही लायसन, सर. वर त्याने सांगितलं की एकतीस डिसेंबरला जगातले सगळे जुने संगणक साल विसरून बावचळणार आहेत, फक्त त्याचा नाही. मरणाची भीती घालून विमा विकणारे आपल्या गावातही होते.

दुसरा उमेदवार रम्याचा. तिने अडगळीतून एक जुना संगणक उचलून आणला, ज्यावर प्राणेश जेवणाचा डबा ठेवत असे. त्यात तिने मासिकाबरोबर मिळालेली एक सीडी घातली, लिनक्स नावाची, आणि त्यावर फायली वाटून देणारा सांबा नावाचा प्रोग्राम बसवला. (नाव ऐकून मी आधी हात जोडले. मग कळलं की देवाशी संबंध नाही.) मी किंमत विचारली. म्हणाली, फुकट. लायसन? फुकट. किती डोक्यांना? कितीही. मग बनवतं कोण? म्हणे फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने सुरू केलं, आता जगभरातली माणसं फावल्या वेळात बनवतात आणि देऊन टाकतात, आणि आतमध्ये काय लिहिलंय तेसुद्धा कोणालाही उघडून पाहता येतं! दाजी, तुम्ही इतकी वर्षं खात्यात काढलीत. फिनलंडचा तो विद्यार्थी, ज्याने होसकोट्याचं नाव ऐकलेलं नाही, तो आमच्या कपाटांसाठी रात्रंदिवस खपतो आणि मोबदल्यात एक इडलीही मागत नाही, यावर तुमचा विश्वास बसेल? पैसे घेणाऱ्याचा हेतू तरी समजतो. काहीच न घेणारा काय घेऊन जाणार आहे या विचाराने मला जेवण गोड लागेना.

मानसिंगरावांनी फैसला आयुधपूजेवर टाकला. इकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांना हार घालून, कुंकू लावून पूजा करतात आणि दारात कोहळा फोडतात. तोवर दोन्ही डबे शेजारी शेजारी चालवायचे आणि आयुधपूजेला ज्याच्या गळ्यात हार पडेल तो आमचा सर्व्हर. माझ्या कपाटातल्या फ्लॉप्या दोन्हीत ओतल्या गेल्या. ओतताना मी हजर होतो, आणि कपाटाची किल्ली मानसिंगरावांकडे जमा झाली. बघवत नव्हतं.

त्यातच आमच्या बिजागरीसारखी हुबेहूब बिजागरी होसूर रोडवरच्या एका कपाटवाल्याकडे दिसल्याचं कानावर आलं. माझ्या मनात लख्ख उजेड पडला. नकाशे बाहेर चालले आहेत! आता सिद्ध करायचं. तुम्हीच सांगितलं होतं की चोर शोधायला धावू नये, आमिष ठेवून बसावं. मी तसंच केलं. आमच्या नेहमीच्या दोन दारी कपाटाचा नकाशा घेतला (याला आपटलं की आपोआप बसणारी कळ असते) आणि हँडल व कुलूप दाराच्या बाहेरून काढून दाराच्या आतल्या बाजूला नेऊन बसवलं. म्हणजे असं कपाट, जे बंद कोणालाही करता येईल, उघडता मात्र फक्त आत बसलेल्यालाच. जगात कोणी शहाणा माणूस असं कपाट बनवणार नाही, तेव्हा ज्याच्या दुकानात ते दिसेल तोच चोर! फायलीला ‘नवे कपाट, अतिगुप्त’ असं चोराला मोहात पाडणारं नाव दिलं आणि रम्याच्या फुकट्या सर्व्हरवर, अगदी वरच्या फोल्डरमध्ये ठेवून दिली. (फोल्डर म्हणजे संगणकातला खण.) सगळं चोख केलं. फक्त एक, इतक्या वर्षांच्या सवयीने हाताने आपसूक खालच्या कोपऱ्यात ‘उ. जो.’ टाकलं. मला तेव्हा ते जाणवलंही नाही.

पुढचे काही दिवस मी कचेरी सुटल्यावर परस्पर कपाटांच्या दुकानांतून हिंडलो. जयनगरपासून बनशंकरीपर्यंत एक दुकान सोडलं नाही. आत शिरायचं, गिऱ्हाइकासारखं चार कपाटांकडे बघायचं, आणि हळूच दार उघडून डोकं आत घालून दाराची मागची बाजू चाचपायची. एका दुकानात मी असा कमरेपर्यंत आत असताना मालकाच्या आईने मागून विचारलं की साहेब काही शोधतायत का. मी आतूनच म्हणालो, हँडल. त्या बाईने मुलाला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं आणि मुलाने मला दंडाला धरून अतिशय सभ्यपणे फुटपाथवर आणून सोडलं. त्या रस्त्याने आता मी जात नाही. बरं, एवढं करून आतल्या हँडलचं कपाट साऱ्या बंगळुरात कुठेही नव्हतं. मला वाटलं, चोर फारच मुरलेला आहे.

आयुधपूजेचा दिवस उजाडला. लेथला हार, प्रेसला हार, मानसिंगरावांच्या गाडीच्या चाकाखाली लिंबं. सगळे पूजेला जमल्यावर प्राणेश पुढे झाला. त्याच्या चेहऱ्यावर असं तेज मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, मालकांसाठी एक आनंदाची गोष्ट आहे, आणि त्याने मागच्या शेडचं शटर वर ओढलं. आत ओळीने कपाटं उभी होती, दाजी. तीसेक असतील. पोपटी रंग, प्रत्येकाला झेंडूचा हार, आणि दारं रंग वाळावा म्हणून किलकिली ठेवलेली, पण अशी गुळगुळीत की त्यावर ना हँडल ना किल्लीचं भोक. नकाशा ‘अतिगुप्त’ म्हणून त्या शहाण्याने शटर ओढून घेऊन, कोणालाही, अगदी मलासुद्धा पत्ता लागू न देता सगळी बनवली होती. मानसिंगरावांनी दोन्ही बाजूंनी चक्कर मारली आणि विचारलं, मिटल्यावर उघडायचं कुठून? प्राणेशने छाती पुढे काढून सांगितलं की आतून. मी ओरडलो, अरे, तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही? तो माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, “नीवे हेळिद्दु, सार.” (म्हणजे, तुम्हीच सांगितलं होतंत, साहेब.) त्याला एवढंच म्हणायचं होतं की खूण असली तर शंका विचारायची नाही हे मी सांगितलेलं. पण तिथे कोणाला ते कळलं नाही, कारण तेवढ्यात एक बायकांच्या आवाजातली किंकाळी आली. पूजेचा प्रसाद, म्हणजे सगळ्या कारखान्यासाठी केलेला पुळिओगरे (इकडचा चिंचेचा भात) आणि केसरीभात (इकडचा शिरा), मुंग्या लागू नयेत म्हणून बायकांनी पहिल्या कपाटात ठेवून दार आपटलं होतं. शेवटी गॅसकटरने पाठ कापून भात बाहेर काढला. पुळिओगरेला पोपटी रंगाचा वास येत होता. मी दोनदा वाढून घेतला, अंगावर संशय नको.

आणि इथे अभिमन्यूने, जो हार आपल्याच डब्याला पडणार म्हणून सिल्कचा सदरा घालून आला होता, संधी साधली. म्हणाला, फुकटच्या मालाचं हे असंच होतं, फायली आपोआप बिघडतात, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. रम्या सरळ तिच्या डब्यापाशी गेली. आता मला हे नंतर कळलं, की कुठली फाईल कोणी कधी ठेवली हे तो डबा स्वतःशी टिपून ठेवतो. तिने काहीतरी पाहिलं, वळून थेट माझ्याकडे पाहिलं, आणि मामाला म्हणाली, “कळंना, मामा. माझंच कायतरी चुकलं असंल.” त्या दिवशी हार कोणालाच पडला नाही. मानसिंगराव म्हणाले, आता निकाल उमाकांतराव देतील, तेच एक अनुभवी, आणि माझ्याकडे लेखी अभिप्राय मागितला आहे.

दाजी, त्या मुलीने मला का वाचवलं? मी सगळ्या बाजूंनी विचार केला. दबावात ठेवायचं असेल, मामाला नंतर सांगायचं असेल, दिवाळीला काही मागायचं असेल. पण ती रोज येते, डब्यावरची धूळ पुसते, मला चहा हवा का विचारते आणि जाते. याचा अर्थ लावता येईना म्हणून मला झोप नाही. अभिमन्यूच्या बाजूने लिहिलं तर मी सुटतो आणि ती निष्कारण नापास होते. खरं लिहिलं तर ती पास, आणि मला या वयात घरी बसावं लागेल. मला तिची लाज वाटते, आणि नोकरी जाण्याची त्याहून जास्त भीती वाटते. हे मी तुमच्याखेरीज कोणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

सरकारी कचेऱ्यांना हिंदीतून पत्रं पाठवावी लागतात म्हणून आमच्याकडे देवनागरी आहे, त्यावरच हे जेवणाच्या सुट्टीत टाइप करतो आहे. अक्षर माझं नसलं तरी हात माझाच आहे याची खात्री असावी.

आपला आज्ञाधारक,
उमाकांत

ता. क. : मूळ काम सांगायचं राहिलं. तुमच्या ओळखीच्या त्या साखर कारखान्यात नकाशे सांभाळायला माणूस लागतो का, विचारून पाहावं. पगाराचं काही अडून नाही. तिथे अजून तारा जोडलेल्या नाहीत ना, एवढं तेवढं बघावं.

ता. क. : दाजी आजोबा, मी रम्या लिहालोय, नमस्कार करतो. काकांनी हे पत्र सगळ्यांच्या फोल्डरात ठेवलंय, म्हणून सगळ्यांनी वाचलं. प्राणेशसारांना मराठी येत न्हाई, त्यांना मी कन्नडात सांगितलं, लई हसले. काका, चहाचं कारण म्हणजे तुमी सकाळपासनं काय खात न्हवता, बस तेवढंच. बिजागरी त्या माणसानं आपलंच कपाट विकत घेऊन, खोलून बघून केली हाय. फिनलंडचा संबंध न्हाई.

ता. क. : मानसिंगचा नमस्कार, फौजदारसाहेब. साखरेवाल्यांस्नी कळवू नगा. उमाकांतरावांचा लेखी अभिप्राय मला पावला, हाच की वो वर. सरी, ठरलं, फुकटचा डबाच ठेवतोय, हार घातला आताच. कुठला नकाशा कोण बघायचा, कोण बघायचा न्हाई, हे ठरवायला आणि रोज सगळ्या नकाशांची नक्कल टेपवर काढून सांभाळायला एक माणूस लागतोय, रम्या म्हणाली, ज्याचा कुणावरच विश्वास न्हाई असला. असला माणूस बाहेरनं कुठं आणू? प्राणेशला मात्र हुकूम दिलाय, उ. जो. असलं तरी आता स्वल्प विचारायचं.

ता. क. : हे पेनाने, घरी, दार लावून लिहितो आहे. वरचं सगळं तसंच पाठवतो, कारण खोडलं तर काय खोडलं याबद्दल तुम्हाला संशय येईल. मानसिंगरावांनी सगळ्यांदेखत किल्ली परत माझ्या हाती दिली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (डब्याला हार घातल्यावर वाटलेल्या केसरीभातातला लवंगेचा तुकडा म्हणून वेळ मारून नेली.) सर्व्हरचा मुख्य पासवर्ड रम्याने मला एकट्याला सांगितला. तो मी कागदावर लिहिला, लाखेने बंद केला, आणि साऱ्या नकाशांच्या टेपसकट कारखान्यातल्या सगळ्यात सुरक्षित जागी, जिथे कोणाही चोराचा हात पोचणार नाही, ठेवून पोपटी दार नेहमीप्रमाणे आपटलं. तेव्हा आता विनंती एवढीच की व्यंकोजीला मिळेल त्या गाडीने इकडे धाडावं. गॅसकटर चालणार नाही, आचेने टेप वितळेल. माझा त्याला असलेला विरोध मागे घेतला आहे. रम्या रोज विचारते, काका, पासवर्ड कुठं ठेवलाय? मी सदऱ्याचं वरचं बटण लावून घेतो आणि सांगतो, अतिगुप्त.